जुनी परफॉर्मन्स कार घेताना, ठेवताना आणि विकताना या चुका टाळा

जुनी गाडी बघायला सकाळी अकराला जाऊ नका, सातला जा. आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. एवढं पाळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

वारज्याच्या एका सोसायटीत टर्बो पेट्रोल सेडान बघायला गेलो होतो. पांढरी, एमएच बारा पासिंग, दोन्ही किल्ल्या, आतून लख्ख. मालक म्हणाले, "आत्ताच पेट्रोल टाकून आणली." बोलताना माझा हात बॉनेटवरच होता आणि बॉनेट चांगलं तापलेलं होतं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ट्रायल मारली, दुसऱ्या गिअरमध्ये टर्बोने पाठ सीटला चिकटवली आणि मी तिथेच टोकन दिलं. डिसेंबरातल्या पहिल्या थंड सकाळी चावी फिरवली, तर इंजिनाच्या एका बाजूने दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू आली, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी. मग सगळं शांत. मेकॅनिकने फोनवर आवाज ऐकूनच निदान केलं: टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ साधणारी चेन ताणून धरणारा भाग. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात ऑइलचं प्रेशर उतरलेलं असतं, थकलेला टेन्शनर चेन ताणून धरू शकत नाही, आणि प्रेशर येईपर्यंत चेन आपटत राहते. गरम इंजिनावर हे ऐकूच येत नाही. चेनने दाता सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. माझ्या गाडीचं तिथवर गेलं नाही, तरी टायमिंगची अख्खी बाजू उघडावी लागली.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनापासून मानतो. आपण असल्या गाड्या घेतो ट्रायलच्या नशेत, ठेवतो आधी केलेल्या खर्चाच्या ओझ्याने आणि विकतो बिलाच्या रागात. तिन्ही वेळा गाडीकडे नीट बघायचं राहून जातं.

किलोमीटर बघता, पण ते कुठे चालले हे विचारत नाही

मीटरवरचा आकडा बघून खूश होऊ नका. आधीचे मालक रोज कुठून कुठे जायचे ते विचारा. पोलो जीटी टीएसआयचंच घ्या. २०१३ साली आलेली, १२०० सीसी, १०५ पीएस, चाकणच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी पुण्यात गल्लोगल्ली दिसते आणि चालवायला आजही गोड आहे. तिचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मात्र कोरड्या क्लचचा आहे. आत क्लच थंड करायला ऑइल नाही. वाकड ते हिंजवडी रांगेत फूटभर पुढे, परत ब्रेक, असं वर्षानुवर्षं चाललेली वीस हजार किलोमीटरची गाडी एक्स्प्रेसवेवर साठ हजार पळालेल्या गाडीपेक्षा जास्त थकलेली असू शकते. क्लच तापतो, झिजतो, आणि त्याच्या जोडीची मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेली तर खर्च लाखांत जातो.

म्हणून असल्या गाडीची ट्रायल मोकळ्या बायपासवर घेऊ नका. संध्याकाळी सातला कर्वे रोडवर घ्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरते का, चढावर मागे सरकून मग पकडते का, डिस्प्लेवर गिअरचं अक्षर लुकलुकतं का, हे तिथे अर्ध्या तासात कळतं. त्यानंतर चांदणी चौकातून पिरंगुटचा चढ घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्लच घसरत असेल तर आरपीएम पळतो आणि वेग तिथेच राहतो. टर्बोचा पाइप कुठे फाटला असेल तर सुस्कारा ऐकू येतो. उतरताना काच खाली करा आणि स्पीडब्रेकरवर कान द्या. सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश पुण्याच्या रस्त्यांवर लवकर बोलू लागतात. तो खर्च किरकोळ आहे, त्यासाठी चांगली गाडी सोडू नका, फक्त किमतीतून वजा करा.

मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं. २०१७च्या २३० पीएसच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी आहे. तो ट्रॅफिक बऱ्यापैकी सोसतो, पण दर साठ हजार किलोमीटरला त्याचं ऑइल बदलावंच लागतं. मालकाला ते बिल मागा. "कंपनीतच सर्व्हिसिंग झालंय" हे उत्तर बिल नव्हे.

मीटर मागे फिरवलाय का, हे ओळखायला टायर बरे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१८ची गाडी, मीटरवर पंचवीस हजार, आणि चारही टायर २०२१चे असतील तर मूळ टायर एवढ्यात कसे संपले ते विचारा. ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कडही बरंच सांगतात.

"स्टॉक आहे" (कंपनीतून आली तशीच आहे) यावर विश्वास ठेवणं

पुण्यात टर्बो पेट्रोल गाड्यांना रिमॅप करून घेणारे खूप आहेत. रिमॅप म्हणजे इंजिनच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवणं. ते पाप नाही. नीट केलेला, जोडीला चांगलं ऑइल आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल असलेला सौम्य रिमॅप गाडी वर्षानुवर्षं पेलते. घात होतो तो लपवलेल्या रिमॅपने: विकण्याआधी मूळ फाइल परत टाकायची आणि "हातच लावला नाही" म्हणायचं. अशा गाडीने दोन-तीन वर्षं वाढीव टॉर्क क्लचवर आणि गिअरबॉक्सवर काढलेला असतो. बघायचं ते बोल्टवर. एअर फिल्टरचा डबा, इंटरकूलरचे क्लॅम्प, टर्बोखालचा एक्झॉस्टचा जोड, इथे पाना लागल्याच्या खुणा असतील तर कारण विचारा. काही गाड्यांच्या ईसीयूत (इंजिनच्या संगणकात) किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची नोंदही राहते. चांगल्या स्कॅनरवाल्याला सोबत न्या, त्याची फी या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. आणि रिमॅप झालेली गाडी घेत असाल तर विमा कंपनीला कळवा. लपवलेल्या बदलावरून क्लेम अडतो.

पाण्यात गेलेल्या गाडीबद्दल दोन शब्द. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा सहकारनगर-अरण्येश्वर भागात गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. सिंहगड रोडच्या एकतानगरीत २०२४च्या जुलैत पार्किंगमध्ये पाणी भरलं. अशा गाड्या धुऊन-पुसून, कधी दुसऱ्या शहरात जाऊन बाजारात येतात. सीटबेल्ट अगदी शेवटापर्यंत ओढा. आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ दिसली की तिथूनच नमस्कार करा. स्टेपनीखालचा खळगा आणि सीटच्या रुळातला गाळही बघा.

स्वस्त बाहेरची गाडी

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जर्मन गाड्या इकडे मोहक भावात दिसतात. भाव ऐकताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एनओसी, आरटीओच्या फेऱ्या आणि एमएच बारा किंवा चौदा नंबर मिळेपर्यंतचे महिने मिळवा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर नवी नोंदणी लागतेच. अनेकदा बेरीज पुण्यातल्या गाडीएवढीच होते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि चलनं किती थकलीत, हे टोकन देण्याआधी ऑनलाइन बघून घ्या.

पार्ट मिळतील का, हे घेतल्यावर शोधणं

अबार्थ पुंटो आपल्या रांजणगावात बनायची. २०१५ची गाडी, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, दहा लाखांच्या आत. त्या पैशांत तसं स्टीअरिंग पुन्हा कुणी दिलं नाही, असं माझं ठाम मत आहे. पण फियाटने भारतातून गाड्या काढून घेतल्या, फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, पोलो २०२२मध्ये संपली. यांतल्या कुठल्याही गाडीसाठी फिल्टर, ब्रेक पॅड, बुश मिळतात. अडतं ते हेडलॅम्प, बंपर, काच, सेन्सर यांवर. गाडी ठरवण्याआधी नाना पेठेत एक चक्कर मारा आणि पुढचा बंपर, हेडलॅम्प, क्लच सेट या तीन वस्तूंचे भाव काढा. दुकानदार लगेच भाव सांगतोय की "बघावं लागेल" म्हणतोय, यातच उत्तर आहे. आणि त्या गाडीवर हात बसलेला एक तरी मेकॅनिक माहीत नसेल, तर आधी मेकॅनिक शोधा, गाडी नंतर.

ठेवताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी जपायची म्हणून कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी करणं. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, डिस्कवर गंज चढतो आणि सोसायटीतले उंदीर वायरिंग कुरतडतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे महिनोन् महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल जुन्या गाडीच्या पाइपांना आणि पंपाला चांगलं नाही. आठवड्यातून एकदा, इंजिन पूर्ण तापेल इतकी, तीस-चाळीस मिनिटं चालवा. रविवारी पहाटे जुन्या कात्रज घाटातून एक फेरी पुरते. ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षावर बदला. गाडी तीन हजारच चालली तरी बदला.

दुसरी चूक हिशेबाची. "एवढे पैसे घातलेत, आता कशी काढू?" हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोललोय. घातलेले पैसे गेले. विचारायचं ते वेगळंच: आज ही गाडी माझ्या दारात नसती आणि कुणी आजच्या भावात देऊ केली असती, तर मी घेतली असती का? उत्तर हो असेल तर पुढचं बिल आनंदाने भरा. मी माझ्या सेडानसाठी एका वहीत दर महिन्याचा खर्च लिहायचो आणि शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात ती किती वेळा फक्त चालवायची म्हणून बाहेर काढली ते. वर्षभरानंतर पैशांपेक्षा त्या दुसऱ्या रकान्यानेच मला विकायची वेळ झाल्याचं सांगितलं. सलग चार महिने तिथे शून्य होतं.

विकताना

रागात विकू नका. माझ्याकडे आधी २००२ची होंडा सिटी व्हीटेक होती, १५०० सीसी, १०६ पीएस, सुईला वर वर नेण्यासाठीच बनवलेलं इंजिन. क्लच आणि सस्पेन्शनचं बिल एकाच महिन्यात आलं आणि मी पुढच्या आठवड्यात ती देऊन टाकली. दोन्ही कामं झालेली, पुढची काही वर्षं बिनघोर चालली असती अशी गाडी मी मोडक्या गाडीच्या भावात दिली. आता तशी धड सिटी शोधायला गेलं तर मिळत नाही. मोठं काम झालं की निदान सहा महिने गाडी वापरा, मग ठरवा.

वेळही बघा. पितृपक्षात बाजार थंड असतो, म्हणून घ्यायची तेव्हा. विकायची तर दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या आधी. डिसेंबर उलटला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते आणि घेणारा तेवढे पैसे पाडतोच. व्हीआरएस २४५सारखी, फक्त दोनशे गाड्या आलेली आवृत्ती असेल तर घाई नको, तिला शोधणारा माणूस येतो. साध्या आवृत्तीला वरून स्पॉइलर आणि बॅज चिकटवले असतील तर ते काढून मूळ पार्ट लावा, बदलांचे पैसे कुणी देत नाही.

सेडान विकली तेव्हा घेणाऱ्या मुलाला मी सकाळी सातलाच बोलावलं. गाडी रात्रीपासून बंद होती. त्याने बॉनेट उघडायच्या आधी मी चेनच्या कामाचं बिल आणि काढलेला जुना टेन्शनर त्याच्या हातात दिला. त्याने किमतीत फार घासाघीस केली नाही.

पैसे हातात आले म्हणून व्यवहार संपत नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद एजंटकडे टाकून निघून येऊ नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. एक्स्प्रेसवेवरच्या कॅमेऱ्याचं चलनही तुमच्याच मोबाइलवर येईल. गाडी देताना तारीख-वेळ लिहिलेली पावती आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो, तेव्हा विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, पुढच्या गाडीला लागेल. नाव बदललं का हे परिवहनच्या साइटवर दर आठवड्याला बघा, आणि बदललं नसेल तर घेणाऱ्याला फोन करत राहा.