जुन्या गाडीच्या डॅशबोर्डात तिच्याच काळातला रेडिओ परत कसा बसवावा

रेडिओ बसवायचा म्हटलं की आपण आधी डॅशबोर्डाखाली डोकं घालतो. मीही तसंच करायचो, आता करत नाही. हे काम खरं तर टेबलावर होतं. डॅशबोर्डात जायला हवा तो तपासलेला, वाजलेला, वायरी तयार असलेला रेडिओ, आणि ते बसवणं शेवटच्या तासाभराचं काम आहे. क्रम उलटा केला की स्टेअरिंगखाली पाठ मोडून तोच रेडिओ तीन-तीनदा बाहेर काढावा लागतो.

आधी रेडिओ ठरवा

तीन वाटा आहेत. गाडीच्या मॉडेलचा मूळ रेडिओ शोधून दुरुस्त करणं, मूळ रेडिओचा दर्शनी भाग ठेवून आत नवं सर्किट घालणं, किंवा जुन्या रूपाचा पण नव्याने बनवलेला, दोन दांड्यांचा (दोन बाजूंना बटणांचे दांडे पुढे आलेला) रेडिओ घेणं.

मूळ रेडिओ हाती असेल आणि तो दुरुस्त होण्यासारखा असेल, तर त्याचं पोट रिकामं करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याआधी तुमच्या भागात हवेत काय आहे ते बघा. जुन्या गाड्यांतले अनेक रेडिओ फक्त मीडियम वेव्ह पकडतात. गाडीसाठी एफएम रेडिओ ब्लाउपुंक्टने १९५२ साली आणला, तरी तो सर्रास दिसायला बरीच वर्षं गेली. आज अनेक देशांत मीडियम वेव्हची प्रक्षेपणं बंद पडली आहेत, आणि नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रं एफएमवरूनही हटवून डिजिटलवर नेली. पट्टीवर एकही केंद्र लागत नसेल, तर उत्तम दुरुस्त केलेला रेडिओही फक्त खरखर ऐकवेल. अशा वेळी जाणकाराकडून व्हॉल्यूमच्या कंट्रोलपाशी बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय करून घेता येते. मूळ सर्किट जागेवर राहतं आणि फोनवरचं गाणं त्याच्याच स्पीकरमधून वाजतं. नवं सर्किट घालायचंच असेल, तर काढलेलं जुनं सर्किट डब्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. उद्या कुणाला तो रेडिओ पूर्ववत करायचा असेल, तर त्या डब्याशिवाय ते होणार नाही.

आता मोजमाप. दोन्ही दांड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, मधल्या खिडकीची लांबी-रुंदी आणि मागची खोली. खोलीतच माणूस फसतो. समोरून सगळं जुळतं, आणि मागे हीटरची पेटी किंवा वायपरची यंत्रणा आडवी येते. त्यासाठी रेडिओच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करा आणि तेच आत सरकवून बघा. वायपर चालवा, हीटरचा खटका पूर्ण फिरवा. खोकं चेपलं तर रेडिओही तिथे बसणार नाही.

आधीच्या मालकाने १८० बाय ५० मिलिमीटरचा ‘डिन’ मापाचा टेप बसवण्यासाठी पत्रा कापला असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मूळ आकाराची भोकं पाडलेली पट्टी मागून बसवता येते, किंवा पत्रा वेल्डिंग करून भरता येतो. पण जो पत्रा आजवर शाबूत राहिला आहे, त्याला कानससुद्धा लावू नका. रेडिओ बसत नसेल तर तो रेडिओ त्या गाडीचा नाही.

सहा व्होल्ट की बारा, आणि बॉडीला कोणतं टोक

ही पायरी चुकली तर पुढचं काहीच उरत नाही. अमेरिकी गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यात सहा व्होल्टवरून बारावर गेल्या, तर फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्या त्यानंतरही दहाएक वर्षं सहावरच होत्या. ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकातही बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं सापडतं. शिवाय मधल्या काळात कुणी ते बदललेलंही असू शकतं. म्हणून पुस्तकावर किंवा वायरच्या रंगावर विसंबू नका. मल्टिमीटरचं काळं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला आणि लाल टोक फ्यूजला लावा. आकड्याआधी उणे चिन्ह आलं, तर गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे तिच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे.

मग रेडिओ पाहा. अनेक जुन्या रेडिओंच्या मागे किंवा बाजूला अर्थ बदलण्याचा खटका, प्लग किंवा पट्टी असते. व्हॉल्व्ह रेडिओत ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असतात, आणि त्यांना लागणारे जास्त व्होल्ट तयार करण्यासाठी बॅटरीचा प्रवाह झरझर उघडबंद करणारा भाग म्हणजे व्हायब्रेटर. व्हायब्रेटरवर चालणारे काही व्हॉल्व्ह रेडिओ कुठल्याही बाजूने जोडले तरी चालतात, पण सगळे नाहीत. ट्रान्झिस्टर मात्र उलट्या जोडणीला क्षणभरही माफ करत नाही.

नव्या बनावटीचा रेडिओ पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत घालायचा असेल, तर नुसत्या दोन वायरी उलट करून भागत नाही. त्या रेडिओचं खोकं, एरियलच्या वायरीची जाळी, फोन चार्ज करायची खोबण हे सगळं आतून निगेटिव्हला जोडलेलं असतं. त्यातलं काहीही बॉडीला टेकलं की थेट शॉर्ट. दोन्ही बाजू पूर्ण विलग ठेवणारा कन्व्हर्टर घ्या. सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा रेडिओ चालवायलाही कन्व्हर्टरच लागतो. तो रेडिओपासून लांब बसवा, नाहीतर त्याचीच शिट्टी ऐकत बसावं लागेल.

टेबलावर

रेडिओ चालू करण्याआधी स्पीकर जोडा. स्पीकरशिवाय चालवला, तर अनेक जुन्या रेडिओंचा शेवटचा ट्रान्झिस्टर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बारा व्होल्टच्या ट्रान्झिस्टर रेडिओला वीज देताना मी पॉझिटिव्ह वायरीत ब्रेकलाइटचा २१ वॉटचा दिवा घालतो. दिवा मंद राहिला किंवा पेटलाच नाही, तर ठीक. लख्ख पेटला, तर आत शॉर्ट आहे, आणि रेडिओ दिव्यामुळे जळता जळता वाचला. व्हॉल्व्ह रेडिओला ही युक्ती लागू नाही, कारण त्याचे फिलामेंटच भरपूर करंट खातात.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रेडिओत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात आणि कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात. ते बदलल्याशिवाय रेडिओ दीर्घकाळ चालवू नका. व्हायब्रेटर असलेल्या संचात ट्रान्सफॉर्मरवरचा बफर कपॅसिटर सगळ्यात आधी बदलावा लागतो. तो गेला की व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोघांनाही घेऊन जातो. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: बॅटरी सहा व्होल्टची असली, तरी व्हॉल्व्ह रेडिओच्या आत दोनशेहून जास्त व्होल्ट तयार होतात आणि रेडिओ बंद केल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये राहतात. सवय नसेल, तर हा भाग जाणकाराकडे द्या. त्यात कमीपणा काही नाही.

व्हॉल्यूम फिरवताना कर्र कर्र होत असेल, तर कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा मारा आणि दांडा वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सुई हलवणारा दोरा तुटायला आला असेल, तर तो काढण्याआधी फोटो घ्या. चाकावर किती वेढे, कोणत्या दिशेने, स्प्रिंग कुठे, हे नंतर आठवत नाही.

आणि काच. आकड्यांच्या काचेची आतली बाजू स्पिरिटने पुसू नका. माझ्या पहिल्या रेडिओची मी तशीच पुसली. काचेवर सिगारेटच्या धुराचा पिवळा थर होता, तो निघताना बरं वाटत होतं. मग कापूस बघितला तर त्यावर सोनेरी चुरा. काचेवर ५५ आणि ६० यांच्या जागी नुसत्या सावल्या उरल्या होत्या. आकडे आतून रंगवलेले असतात आणि इतक्या वर्षांत त्यांची पकड सुटत आलेली असते. बाहेरची बाजू ओल्या मऊ फडक्याने पुसा. आतली फक्त कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. राहिलेला पिवळेपणा राहू द्या.

स्पीकर

रेडिओवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात जितके ओहम लिहिले असतील, तितक्याच ओहमचा स्पीकर घ्या. जुन्यांपैकी काही ८ ते १० ओहमचे असतात, त्यांना आजचा ४ ओहमचा स्पीकर जोडला की आउटपुट तापतं. मूळ स्पीकर असेल, तर दीड व्होल्टच्या सेलची टोकं क्षणभर टेकवा. टक् असा आवाज आला आणि कागद हलला, तर कॉइल जिवंत आहे. कागदाच्या छोट्या चिरा पातळ टिश्यू आणि डिंकाने बुजतात.

जुन्या बऱ्याच गाड्यांत स्पीकरचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं. आत नवं सर्किट असेल, तर ही जोडणी चालत नाही; नव्या अॅम्प्लिफायरची दोन्ही टोकं बॉडीपासून अलग राहिली पाहिजेत. स्पीकरची जागा एकच आणि सर्किट स्टीरिओ असेल, तर दोन कॉइलचा एक स्पीकर मिळतो, तो लावा. डावा-उजवा एकत्र पिळून जोडू नका.

एरियल

रेडिओ नीट लागत नाही अशी तक्रार असेल, तर मी आधी एरियल बघतो, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. एरियलचा पाया पत्र्याला घट्ट, उघड्या धातूला धातू असा टेकला पाहिजे. मडगार्डच्या आतल्या बाजूने वॉशरपुरता रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. मग मीटरने तपासा. प्लगच्या बाहेरच्या कड्यापासून बॉडीपर्यंत जवळजवळ शून्य ओहम हवेत. मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर एरियलच्या बुडाशी पाणी शिरलं आहे किंवा वायर चेपली आहे. वायर बदलायची तर गाडीच्या एरियलचीच घ्या. टीव्हीच्या केबलने मीडियम वेव्हची केंद्रं क्षीण होतात.

डॅशबोर्डात

बॅटरीचं अर्थचं टोक काढा. सीटवर आणि गिअरच्या दांड्यावर जाड चादर टाका. रेडिओची वायर चावीवर चालू होणाऱ्या टर्मिनलवरून घ्या आणि तिच्यात फ्यूज घाला. ट्रान्झिस्टर रेडिओला साधारण २ अँपिअरचा पुरतो, व्हॉल्व्ह रेडिओला त्याच्यावर लिहिलेलाच. पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल, तर रबरी ग्रॉमेट बसवा. इग्निशन कॉइलच्या वायरींपासून ही वायर आणि एरियल दोन्ही दूर ठेवा.

प्लग आणि वायरी आधी जोडून घ्या, रेडिओ आत सरकल्यावर मागे हात पोहोचत नाही. दांडे भोकांतून बाहेर आले की दर्शनी पट्टी, वॉशर आणि नट हातानेच लावा, पान्हा नको. मग मागचा आधार बसवा. हा आधार म्हणजे पोलादाची भोकांची पट्टी, एक टोक रेडिओच्या पाठीला, दुसरं आतल्या घट्ट पत्र्याला. पुष्कळ जण ती टाळतात. मग कित्येक किलोंचा रेडिओ नुसत्या दोन नटांवर लोंबकळतो, प्रत्येक खड्ड्यागणिक पत्रा वाकतो आणि आतले सोल्डरचे जोड तडकतात. मागचा आधार पक्का झाल्यावरच पुढचे नट आवळा. लाकडी डॅशबोर्ड असेल तर फार हलक्या हाताने, वरचा पातळ थर एका पिळ्यात चिरतो.

बटणं शेवटी. काहींना बारीक स्क्रू असतो, काही नुसती दाबून बसतात. पुढे कधी काढायची वेळ आली, तर पेचकसाने उचकटू नका. बटणामागून कापडाची पट्टी वेढून दोन्ही टोकं सरळ समोर ओढा.

खरखर

इंजिन बंद ठेवून रेडिओ लावा. स्वच्छ वाजला की इंजिन चालू करा आणि नुसतं ऐका. वेगाबरोबर वाढणारी टक्-टक् इग्निशनची. रेझिस्टन्स असलेल्या प्लगवायरी किंवा स्पार्क प्लग लावा आणि कॉइलच्या चावीकडून वीज येणाऱ्या टोकाला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. तो पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काच्या) बाजूला लावू नका, इंजिन बिघडेल. वेगाबरोबर चढणारी सूंऽऽ अशी शिट्टी डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची. डायनॅमो असेल, तर तसाच कपॅसिटर त्याच्या जाड वायरीच्या टर्मिनलला लावा, फील्डच्या टर्मिनलला कदापि नाही. बॉनेट बिजागऱ्यांवर नुसतं टेकलेलं असतं, तिथून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी जोडली तरी बराच फरक पडतो.

कारण सापडत नसेल, तर एरियलचा प्लग काढून बघा. खरखर गेली, तर ती एरियलमधून येते. म्हणजे पुन्हा पाया, पुन्हा वॉशर. तशीच राहिली, तर ती विजेच्या वायरीतून येते.

सगळं शांत झालं की शेवटचं काम. एरियल पूर्ण वर काढा, १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं क्षीण केंद्र लावा आणि एरियल ट्रिमरचा, म्हणजे रेडिओ एरियलशी जुळवून घेणारा, स्क्रू शोधा. अनेक रेडिओंत तो केंद्र लावायच्या बटणामागेच असतो. बारीक पेचकसाने तो कणाकणाने फिरवा. आवाज वाढत जातो आणि एका जागी येऊन पुन्हा पडू लागतो. तिथून किंचित मागे या, आणि बटण परत दांड्यावर दाबून बसवा.