सिकोयांच्या जंगलात गाडीने जायचं तर

उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात मुलांकडे आलेले आईबाबा बहुधा योसेमिटीचे धबधबे बघून परततात. हाताशी चार दिवस असतील तर त्याच फेरीत दक्षिणेकडची किंग्ज कॅन्यन आणि सिकोया ही उद्यानंही करा. मुक्काम मात्र महिनोन् महिने आधी ठरवा, आणि त्यातल्या दोन रात्री सिकोयांच्या, म्हणजे तिथल्या महाकाय वृक्षांच्या, जवळच्या ठेवा.

पहिल्या दिवशी योसेमिटीच्या दक्षिण टोकाला मारिपोसा ग्रोव्ह ही सिकोयांची राई बघा. पुढची उद्यानं नकाशावर जवळ दिसतात, पण डोंगरातून थेट रस्ता नाही. हायवे 41 ने फ्रेस्नोला उतरून 180 ने पुन्हा चढायचं. तीन तास धरा. फ्रेस्नोतच टाकी फुल्ल करा, कारण पुढे उद्यानांच्या हद्दीत पेट्रोल पंप नाही. रेंजही जाते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

आत शिरायला 180 च घ्या. थ्री रिव्हर्सकडून येणारा 198 चा रस्ता सुमारे 500 मीटरवरून 1,950 मीटरवर चढतो, तोही वळणावळणांनी. वरंध घाटात ज्यांना मळमळतं, त्यांचं इथे काही खरं नाही. तो रस्ता परतीला ठेवा आणि उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या. 22 फुटांहून लांब गाडी त्या घाटात नेऊ नये, असं उद्यानच सांगतं. त्यामुळे मोठी आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेण्याचा मोह आवरा.

दुसरा दिवस किंग्ज कॅन्यनमधली ग्रँट ग्रोव्ह ही सिकोयांची राई आणि खाली सीडर ग्रोव्हच्या दरीचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत सिकोया उद्यानातल्या जनरल शेरमन या झाडापाशी पोचा. उंची 83.8 मीटर, बुंध्याचा घेर सुमारे 31 मीटर. याहून उंच झाडं किनाऱ्याकडच्या रेडवूडच्या जंगलांत आहेत, पण खोडाच्या आकारमानात याला तोड नाही. अख्खं झाड फोटोत बसवायच्या खटाटोपात पडू नका. येताना उतार असतो, परतीची चढण 2,100 मीटर उंचीवर दम काढते, म्हणून आजी-आजोबांना सावकाश न्या. गर्दी शेरमनपाशीच थांबते. तुम्ही शेजारच्या काँग्रेस ट्रेलवर चाला, खरं जंगल तिथे भेटतं. खोडांवरचे काळे व्रण वणव्यांचे. साल इतकी जाड की साधी आग झाडाला मारत नाही, उलट तिच्या धगीने शंकू उघडून बी पडतं. 2021 चा वणवा मात्र इतका भडकला होता की शेरमनचा बुंधा चंदेरी अग्निरोधक आवरणात गुंडाळावा लागला. मोरो रॉक या कातळाच्या 350 पायऱ्या जमत असतील तर चढा, पण ढग गडगडत असतील तर अजिबात नाही.

डब्यातले थेपले, लाडू, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत ठेवू नका. वास आला की अस्वलं दार उचकटतात. कॅम्पात लोखंडी पेट्या असतात, सगळं त्यांत टाका.

जमलं तर जूनअखेर ते जुलै निवडा. ऑगस्टनंतर वणव्यांच्या धुराची धास्ती वाढते. चौथ्या दिवशी 198 ने उतरताना स्वेटर काढून पाणी हाताशी ठेवा. थ्री रिव्हर्सला जुलैत पारा सहज 35 च्या वर असतो.