पॅथॉलॉजीचे पुस्तक निवडताना या चुका टाळा

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी पॅथॉलॉजीबद्दल, म्हणजे रोगांमुळे शरीरात काय बदल होतात ते शिकवणाऱ्या विषयाबद्दल, विचारू लागतात, "मॅडम, पॅथॉलॉजीसाठी कोणते पुस्तक घेऊ?" आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांतल्या निम्म्यांनी पुस्तक विकत घेऊन त्यावर कव्हरही घातलेले असते. त्याच त्या चुका मी दरवर्षी पाहते, आणि त्यांची किंमत विद्यार्थ्याला थेट तोंडी परीक्षेत मोजावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाइडलाच पुस्तक समजणे. काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलासमोर मी फॉर्मलिनच्या बरणीतला यकृताचा काप ठेवला होता. कापलेल्या पृष्ठभागावर गडद ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडा, म्हणजे जायफळ मधोमध चिरल्यावर आत दिसते तशी नक्षी होती. त्याने क्षणात उत्तर दिले, "नटमेग लिव्हर, क्रॉनिक पॅसिव्ह कंजेशन." जायफळासारखे यकृत, कारण रक्त दीर्घकाळ तुंबलेले; उत्तर अचूक होते. मी विचारले, "ठिपके गडद का आणि कडा फिकट का?" तो गप्प राहिला. "हृदयाची कोणती बाजू निकामी झाली असेल?" त्याने अंदाजाने डावी सांगितली. "या रुग्णाच्या मानेकडे पाहिलेस तर काय दिसेल?" यावर त्याने बरणीवरचा क्रमांक पुन्हा एकदा वाचला आणि मान खाली घातली.

तो मुलगा आळशी नव्हता. त्याचे गाइड त्याला तोंडपाठ होते. मात्र हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागे यकृतात तुंबते, प्रत्येक लोब्यूलच्या (यकृताच्या सूक्ष्म खंडाच्या) मधल्या शिरेभोवतीचा भाग रक्ताने भरून गडद होतो, तिथे ऑक्सिजन आधीच सर्वांत कमी पोहोचत असल्यामुळे त्या पेशी प्रथम मरतात, आणि कडेच्या पेशी ताज्या रक्ताच्या जवळ असल्याने टिकतात, फार तर चरबी साठून फिकट दिसतात, ही साखळी त्याने कधी सलग वाचलेलीच नव्हती. तेच तुंबलेले रक्त मानेच्या शिरा फुगवते आणि पायांवर सूज आणते. ही कारणांची साखळी म्हणजेच पॅथॉलॉजी, आणि ती चार मुद्द्यांच्या चौकटीत मावत नाही. गाइड परीक्षेआधीच्या महिन्यात उजळणीसाठी अवश्य वापरावे. त्याआधी ते हातात घेणाऱ्या विद्यार्थ्याने वेळ वाचवला असे मला कधीही आढळलेले नाही.

याच्या उलट टोकाची चूक हुशार विद्यार्थी करतात. पॅथॉलॉजीचे प्रमाण मानले जाणारे रॉबिन्सचे मोठे पुस्तक 29 प्रकरणांचे आणि तेराशेहून अधिक पानांचे आहे, आणि संदर्भासाठी त्याला तोड नाही. परंतु पूर्वी दुसरे वर्ष दीड वर्षाचे असे. 2019 मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून नवा अभ्यासक्रम आला आणि हा कालावधी 12 महिन्यांवर आला. त्यात फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीही असते. ज्या ज्येष्ठांनी दीड वर्षात मोठे पुस्तक वाचून काढले, त्यांचा सल्ला प्रामाणिक असला तरी तो आजच्या वेळापत्रकाला लागू पडत नाही. पेशीवरचे पहिले प्रकरण तीन रंगांनी अधोरेखित करून सहामाहीला इन्फ्लमेशनपर्यंतही (दाहाच्या प्रकरणापर्यंतही) न पोहोचलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. रॉबिन्सचेच लहान 'बेसिक' पुस्तक किंवा भारतीय लेखक हर्ष मोहन यांचे पुस्तक, यांपैकी एक पूर्ण वाचावे, आणि मोठे पुस्तक ग्रंथालयात अडलेल्या विषयापुरते उघडावे.

घरातल्या कोणाचे तरी जुने पुस्तक वापरण्याचा मोह मला समजतो, कारण नवी पुस्तके महाग आहेत. एका विद्यार्थिनीकडे तिच्या डॉक्टर आत्याचे पुस्तक होते, समासात सुंदर टिपणे असलेले. अस्थिमज्जेत 24 टक्के ब्लास्ट (अपरिपक्व रक्तपेशी) असलेल्या रुग्णाचे निदान तिने मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोम (रक्तपेशी नीट तयार न होण्याचा विकार) असे लिहिले, आणि तिच्या पुस्तकानुसार ते बरोबर होते, कारण त्यात अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगासाठी 30 टक्क्यांची जुनी मर्यादा होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001 च्या वर्गीकरणात ती 20 टक्क्यांवर आली, आणि काही ठरावीक जनुकीय बदल आढळल्यास त्याहूनही कमी ब्लास्टवर हे निदान होते. इन्फ्लमेशन किंवा नेक्रोसिसचे (पेशी मरण्याचे) प्रकरण जुन्या पुस्तकातून वाचले तर फारसे बिघडत नाही. रक्ताचे कर्करोग, मेंदूतील आणि थायरॉइडच्या गाठी मात्र ताज्या आवृत्तीतूनच वाचाव्यात. बाकी विषयांसाठी एक आवृत्ती मागचे सेकंडहँड पुस्तक मी निःशंकपणे घ्यायला सांगते.

काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर पॅथॉलॉजी शिकता येत नाही. इओसिनोफिल आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींपैकी पहिलीचे नारिंगी कण आणि दुसरीचे फिके कण झेरॉक्समध्ये एकसारखेच करडे दिसतात, आणि काँगो रेड या रंगाने रंगवलेल्या, ऊतींत साठणाऱ्या असामान्य प्रथिनाची म्हणजेच अ‍ॅमिलॉइडची ध्रुवित प्रकाशातली हिरवी झळाळी तर तिथे उरतच नाही.

एकाच विषयासाठी दोन मुख्य पुस्तके घेऊ नयेत. व्हिडिओ व्याख्याने पुस्तकानंतर पाहावीत, पुस्तकाऐवजी नव्हे. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे प्रश्नसंच दुसऱ्या वर्षात मुख्य पुस्तक म्हणून विकत घेऊ नयेत.

निवड कशी करावी, तर मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिले तीन आठवडे काहीच विकत घेऊ देत नाही. ग्रंथालयातून दोन-तीन पुस्तके घ्यावीत आणि प्रत्येकातून एकच विषय वाचावा; मी बहुधा क्षयाचा ग्रॅन्युलोमा, म्हणजे संसर्गाभोवती जमलेल्या पेशींची सूक्ष्म गाठ, देते, कारण आपल्याकडे तो वॉर्डात रोज भेटतो आणि त्यात प्रतिकारशक्ती, पेशी आणि नेक्रोसिस हे तिन्ही एकत्र येतात. अर्धा तास वाचून पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर मधले केसिएशन (चीजसारखा दिसणारा मृत भाग), भोवतीच्या एपिथेलिऑइड पेशी, लँगहान्स महापेशी आणि बाहेरचे लिम्फोसाइट (या सर्व प्रतिकार करणाऱ्या पेशी) काढून, प्रत्येक पेशी तिथे का आली हे बाणाने लिहावे. ज्या पुस्तकानंतर बाण भरता येतात, ते पुस्तक आपले. काहींना हर्ष मोहन यांच्या सुटसुटीत मांडणीने बाण सुचतात, काहींना रॉबिन्सच्या सलग गद्याने. माझा स्वतःचा कल दुसऱ्याकडे आहे, पण तो मी कोणावर लादत नाही.

ज्यांनी घाईने चुकीचे पुस्तक आधीच घेतले आहे, त्यांनी त्यावर रेघा ओढण्यापूर्वी ते दुकानदाराकडे किंवा वर्गमित्राशी बदलून घ्यावे. नाव पहिल्या पानावर पेन्सिलनेच लिहावे, हे मी त्यासाठीच सांगते.