स्वस्तातला सबवूफर निवडताना वॉट नको, हवा मोजा

कमी पैशांतला सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर, घेताना बहुतेकांची नजर आधी खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर जाते, आणि फसगत तिथूनच सुरू होते. खर्ज म्हणजे हलवलेली हवा. किती हवा हलेल हे दोन गोष्टींवर ठरतं: ड्रायव्हरच्या, म्हणजे पेटीतल्या आवाज काढणाऱ्या गोल भागाच्या, पडद्याचं क्षेत्रफळ आणि तो पडदा मागेपुढे किती सरकतो. आवाजाची पातळी तीच ठेवून ४० हर्ट्झवरून (सेकंदाला ४० कंपनं) २० हर्ट्झवर उतरायचं, तर चौपट हवा हलवावी लागते. स्वस्त सबवूफर नेमका इथे धापा टाकतो.

८ इंची ड्रायव्हरच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर असतं, १० इंचीचं ३४०, आणि १२ इंचीचं ५००च्या आसपास. पडदा तेवढाच सरकत असेल, तर १२ इंची ड्रायव्हर ८ इंचीपेक्षा जवळपास ७ डेसिबल जास्त देतो. हाच फरक अँप्लिफायरच्या जोरावर काढायचा म्हटलं तर पाचपट वॉट लागतील, कारण वॉट दुप्पट केल्यावर मिळतात फक्त ३ डेसिबल. शिवाय छोट्या ड्रायव्हरचा पडदा त्याआधीच आपल्या सरकण्याच्या हद्दीला जाऊन आपटतो. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला, आकडा दिसला तर तो वाचूच नका. पीक वॉटही बाजूला ठेवा. आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, आकडा पाहावा, पण निर्णय त्याच्यावर सोडू नये.

तिन्ही एकदम मिळत नाही

लहान पेटी, खोल खर्ज, आणि कमी ताकदीत मोठा आवाज: या तीनपैकी दोनच निवडता येतात. हा नियम जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ त्यांचाच. महागडे सबवूफर या नियमाला वळसा घालताना दिसतात, पण त्यासाठी ते लहान पेटीत प्रचंड ताकदीचा अँप्लिफायर आणि तो झेलणारा ड्रायव्हर बसवतात. तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही, तर सोडायचं काय? पेटीचा लहानपणा. कमी बजेटमध्ये पैशांऐवजी जागा मोजावी लागते. सोफ्याखाली सरकणारा चपटा सबवूफर दिसायला छान, पण त्याच किमतीतली ओबडधोबड, जड, मोठी पेटी जवळजवळ नेहमीच त्याच्यावर मात करते.

पेटी दोन प्रकारची. बंद पेटीचा आवाज खालच्या बाजूला हळूहळू उतरतो, दर सप्तकाला १२ डेसिबल. पोर्ट (हवा आतबाहेर करणारी नळी) असलेली पेटी ज्या हर्ट्झला ट्यून केलेली असते तिथवर दणकून साथ देते, आणि त्याखाली एकदम कोसळते, दर सप्तकाला २४ डेसिबलने. ट्यूनिंगखाली पेटीतल्या हवेचा आधार सुटतो आणि पडदा मोकाट हलू लागतो. म्हणून चांगल्या पोर्टवाल्या सबवूफरमध्ये अगदी खालचे स्वर कापणारा फिल्टर असतो, तर स्वस्तातल्यात तो कधी असतो, कधी नसतो. सिनेमासाठी आणि कमी पैशांत पोर्टवाली पेटीच घ्यावी, कारण तेवढ्याच वॉटमध्ये ती २५ ते ४० हर्ट्झच्या पट्ट्यात बरंच जास्त देते. बंद पेटी घ्यायची ती जागा खरोखरच नसेल तर, किंवा खोली अगदी लहान असेल तर. लहान खोली खालच्या स्वरांना स्वतःच उचलून धरते. ‘बंद पेटीचा खर्ज संगीताला जास्त चांगला’ हे ऐकाल, पण तो फरक सबवूफर खोलीत कुठे ठेवला आहे यापुढे किरकोळ आहे. ड्रायव्हरचं तोंड खाली की समोर, यानेही फारसं बिघडत नाही.

माहितीपत्रक कसं वाचायचं

‘२० ते २०० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. त्यापुढे ±३ डेसिबल असं काही नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. २० हर्ट्झला आवाज २० डेसिबलने खाली गेला असला तरी तो ‘निघतो’ असं म्हणता येतंच. कानाची रचनाही इथे फसवते. २० हर्ट्झचा शुद्ध स्वर जेमतेम ऐकू यायलाच सुमारे ७८ डेसिबल लागतात. लहान सबवूफर २० हर्ट्झ वाजवतो तेव्हा पडद्याच्या ओढाताणीतून ४० आणि ६० हर्ट्झचे भेसळीचे स्वर निघतात, तेच आपल्याला ऐकू येतात, आणि ‘वा, काय खाली जातो!’ असं वाटतं.

एखाद्या मॉडेलची सीटीए-२०१० या सबवूफर मोजायच्या प्रमाणित पद्धतीची मोजमापं मिळाली तर सोन्याहून पिवळं. या पद्धतीचं जुनं नाव सीईए-२०१०. यात भेसळ ठरावीक मर्यादेत ठेवून प्रत्येक हर्ट्झला जास्तीत जास्त किती डेसिबल निघतात ते मोजतात. दोन मॉडेलांची तुलना करताना मात्र एक सापळा आहे. कुणी आकडे १ मीटरवर पीकमध्ये देतं, कुणी २ मीटरवर आरएमएसमध्ये. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा ९ डेसिबल मोठा दिसतो, सबवूफर तोच असला तरी.

बजेटमध्ये ध्येय वास्तव ठेवा. ३० हर्ट्झपर्यंत खरोखर, न कण्हता पोचणारा सबवूफर सिनेमाला पुरतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते, म्हणजे गाण्यांचंही भागतं.

खोलीचा हिशेब

लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा. हॉल उघड्या स्वयंपाकघराला जोडलेला असेल तर तेही धरा. सबवूफरला मधली रेषा कळत नाही. १,२०० घनफुटांपर्यंत चांगला १० इंची चालतो. २,००० पर्यंत १२ इंची पोर्टवाला हवा. त्यापुढे एका स्वस्त सबवूफरकडून अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. तिथे एकसारखे दोन घ्यावेत. आज एक आणि पुढे एक असा विचार असेल तर दोन्ही एकाच मॉडेलचे ठेवा, नाहीतर त्यांचे फेज, म्हणजे दोघांच्या लाटांची वेळ, जुळवताना नाकी नऊ येतात. ८ इंची ड्रायव्हर संगणकाच्या टेबलापाशी किंवा अगदी छोट्या झोपायच्या खोलीत ठीक.

विकत घेण्याआधी मागची बाजू पाहा

रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या अँप्लिफायरच्या) मागे ‘सब प्री-आउट’ लिहिलेला आरसीए जॅक असेल तर स्वतःचा अँप्लिफायर असलेला कोणताही अॅक्टिव्ह सबवूफर चालतो. तो जॅक नसेल तर सबवूफरवर स्पीकरच्या तारा घेणारे इनपुट आहेत का ते बघा. बहुतेक साउंडबारना सब-आउट नसतो आणि ते फक्त स्वतःच्या जोडीचा वायरलेस सबवूफर ओळखतात. बाहेरचा आणून उपयोग होत नाही. तयार होम थिएटर संचातला सुटा सबवूफर बऱ्याचदा पॅसिव्ह असतो, म्हणजे त्यात अँप्लिफायरच नसतो. तो स्वस्त मिळाला म्हणून उचलला आणि सब प्री-आउटला जोडला, तर हूं की चूं होत नाही. गाडीतल्या सबवूफरचंही तेच. तो सहसा पॅसिव्ह असतो, त्याचा अँप्लिफायर १२ व्होल्टवर चालतो आणि पेटी गाडीच्या लहानशा पोकळीचा हिशेब धरून केलेली असते.

दुकानात जाताना मोबाईलमध्ये ६३, ५०, ४०, ३१.५ आणि २५ हर्ट्झचे शुद्ध स्वर ठेवा. मध्यम आवाजात प्रत्येक स्वर ५ सेकंद वाजवा आणि पोर्टजवळ कान न्या. फरफर ऐकू आली तर पोर्ट अरुंद आहे. पेटीवर तळहात ठेवा. थोडी थरथर चालेल, पण बाजूची फळी ढोलासारखी वाजता कामा नये. ‘टक्-टक्’ आवाज आला तर लगेच बंद करा, व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) मागच्या लोखंडाला आपटतेय. २५ हर्ट्झचा स्वर मोठ्या आवाजात ताणू नका, चांगलाही ड्रायव्हर जाईल.

जुना घेत असाल तर जाळी काढून पडद्याच्या कडेची पट्टी बघा. फोमची पट्टी वर्षांनुवर्षांत भुसभुशीत होऊन बोट लावताच गळते, रबराची जास्त टिकते. पडद्यावर दोन्ही हातांची बोटं समान अंतरावर ठेवून हलकेच दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. मागच्या पत्र्यावरचा अँप्लिफायर सहसा ड्रायव्हरच्या आधी मरतो, म्हणून अर्धा तास चालू ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा: फुकटातला सर्वांत मोठा फायदा

१२ फुटी खोलीत पहिला उभा तरंग, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून राहणारी आवाजाची लाट, साधारण ४७ हर्ट्झला, १५ फुटी खोलीत ३८ च्या आसपास. ५६५ ला फुटांतल्या लांबीने भागलं की उत्तर मिळतं. त्या स्वराला भिंतींपाशी खर्ज फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्ये नाहीसा होतो. सोफा नेमका मध्यावर असेल तर सबवूफर बदलून काही होणार नाही. सोफा एक-दीड फूट मागेपुढे सरकवा.

जागा शोधायची जुनी युक्ती अजूनही सर्वांत खात्रीची आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवा. सूर बदलत चालणारा बास असलेलं एखादं गाणं लावा. मग जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे रांगत जा, कान जमिनीच्या जवळ ठेवून. एका जागी काही सूर घुमतील आणि काही गायब होतील. दुसरीकडे सगळे सूर सारख्याच वजनाने येतील. ती जागा सबवूफरची. घरातले हसतील, हसू द्या. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, आणि कमजोर सबवूफरला तो आधार लागतोही, पण घुमण्याचा धोकाही तिथेच जास्त. पोर्ट मागे असेल तर भिंतीपासून निदान ४ ते ६ इंच सोडा.

जोडणी आणि सेटिंग

१. रिसीव्हरच्या सब प्री-आउटमधून एक आरसीए केबल सबवूफरच्या एलएफई (सिनेमातल्या खर्जाच्या खास ट्रॅकच्या) इनपुटला. तसं इनपुट नसेल तर लाइन-इनच्या डाव्या जॅकला.

२. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं (कोणत्या हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे जाईल ते ठरवणारं) बटण सर्वांत जास्त हर्ट्झच्या टोकाला फिरवा. गाळण्याचं काम रिसीव्हर करतो. दोन्हीकडे गाळलं तर मधला पट्टा खड्ड्यात जातो. स्वस्तातल्या सेटिंगमधली सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

३. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे जाईल, मोठे उभे असले तरी. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. ३ इंची चिमुकले स्पीकर असतील तर १२० किंवा १५० लागेल, पण मग आवाज कुठून येतोय ते कानाला कळू लागतं, म्हणून सबवूफर पुढच्या स्पीकरांच्या मध्येच ठेवा. एलएफईचा लो-पास १२० वर. ‘एलएफई प्लस मेन’ हा पर्याय बंद.

४. गेन (सबवूफरवरचं आवाजाचं बटण) निम्म्यावर ठेवून रिसीव्हरची स्वयंचलित जुळवणी (माइकने आवाज मोजून पातळी आणि अंतर लावणारी) चालवा. सबवूफरची पातळी −१२ आली तर गेन फार जास्त आहे. −१२ ही बऱ्याच रिसीव्हरांची तळाची हद्द असते, खरा आकडा त्याहून खाली असू शकतो. गेन कमी करा, पुन्हा चालवा. −३ ते −६ मध्ये आलं की थांबा.

५. जुळवणीने सबवूफरचं अंतर टेपने मोजलं त्यापेक्षा जास्त दाखवलं तर ‘दुरुस्त’ करू नका. सबवूफरच्या आतल्या फिल्टरांमुळे आवाज उशिरा निघतो. रिसीव्हर तो उशीरच अंतरात धरतो.

६. क्रॉसओव्हरच्या हर्ट्झचा, म्हणजे ८० चा स्वर पुढच्या स्पीकरांसह वाजवा आणि फेजचं बटण ० व १८० करून बघा. बसायच्या जागी जास्त मोठं ऐकू येईल ते ठेवा.

बिघाड

सिनेमातल्या शांत प्रसंगात सबवूफर झोपी जातो आणि स्फोटाला उशिरा जागा होतो? ऑटो-ऑनला (सिग्नल आला की आपोआप सुरू होण्याच्या सोयीला) मिळणारा सिग्नल अपुरा आहे. गेन थोडा कमी करून रिसीव्हरमधली पातळी तेवढीच वाढवा, किंवा ऑटो सोडून सरळ ‘ऑन’ ठेवा.

सतत ‘घूं’ येत असेल तर आरसीए केबल काढा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा तीच कारण असते. रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डवर लावा. तरी थांबलं नाही तर सिग्नलच्या केबलमध्ये आयसोलेटर (अर्थिंगचा फेरा तोडणारा जोड) टाका. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका. बिघाडाच्या वेळी जीव वाचवणारी तीच. केबल काढूनही घूं चालूच राहिली तर अँप्लिफायरमधले कपॅसिटर तपासून घ्या.

एकाच सुराला खोली घुमते आणि बाकी ठीक, हा उभ्या तरंगाचा दोष. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा यूएसबी माइक असेल तर तो उंचवटा नेमका दिसतो आणि ईक्यूने (एकेका पट्ट्याचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीने) खाली आणता येतो. खड्डा मात्र ईक्यूने भरायला जाऊ नका. तिथे लाटा एकमेकींना खोडत असतात. जितकी ताकद ओताल तितकी तीही खोडली जाते, आणि पडदा उगाच हद्दीला जातो. खड्ड्यावर उपाय म्हणजे जागा बदलणं किंवा दुसरा सबवूफर.

आणि किणकिण येत असेल तर सबवूफरला दोष देण्याआधी २० ते ८० हर्ट्झचा सरकता स्वर सावकाश चालवून घरभर फिरा. कपाटाची काच, भिंतीवरची तसबीर, दाराची कडी, यांतलं काहीतरी एका ठरावीक हर्ट्झला वाजत असतं. मागे फेल्टचा तुकडा चिकटवला की थांबतं.