सर बाहेर गेले, तरी मास्क खाली घेऊ नका: स्कोपी रूममध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

स्कोपी रूममध्ये, म्हणजे दुर्बिणीची नळी (स्कोप) घालून पोट किंवा फुप्फुसं तपासतात त्या खोलीत, नुकत्याच लागलेल्या सिस्टर, ब्रदर आणि टेक्निशियन मंडळींसाठी हे लिहितेय. माउथपीस कसा लावायचा, फोरसेप कधी उघडायचा, हे महिनाभरात हाताला येतं. ते शिकवायला प्रत्येक युनिटमध्ये कुणी ना कुणी असतंच. मला जे कुणीच सांगितलं नाही आणि ज्याच्यापायी सहा महिने टीबीच्या गोळ्या गिळल्या, तेवढंच सांगते.

आमच्याकडे एकच रूम होती. सकाळी गॅस्ट्रोची लिस्ट, दुपारी चेस्टच्या सरांच्या ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेतून स्कोप घालून फुप्फुसं बघणं. १४ बाय १२ची खोली, १० फुटी छत, स्प्लिट एसी. एकुलती एक खिडकी थर्माकोल लावून चिकटपट्टीने बंद केलेली, कारण रस्त्याची धूळ स्कोपच्या कपाटावर बसायची. दीड वर्ष तिथे काढलं. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली. नाइट जास्त झाल्यात, असं म्हणत तीन आठवडे पॅरासिटामॉलवर रेटले. "संध्याकाळी ताप येतो का हो?" हे रोज पेशंटला विचारणारी मीच! उजव्या बरगडीखाली श्वास घेताना टोचायला लागलं तेव्हा कुठे एक्स-रे काढला. छातीत पाणी. ते काढून तपासलं, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) वाढलेला. म्हणजे टीबी. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे मी कितीतरी पेशंटना समजावलं होतं, तरी पहिल्या दिवशी स्वतःची बघून दचकलेच.

कुठल्या पेशंटकडून लागला, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. लोकलच्या डब्यातही लागू शकतो. पण घरी पडून होते तेव्हा मी माझ्या एका केसची मिनिटं मोजली, आणि भोक सापडलं.

एन-९५ मी घालायचे. स्कोप आत असेपर्यंत, पेशंट ठसकतोय, सर वाकलेत, तोवर मास्क घट्ट. स्कोप बाहेर आला, वॉर्डबॉय मामांनी पेशंटला ट्रॉलीवर घेतलं, सर रिपोर्ट लिहायला बाहेर गेले, की माझा मास्क हनुवटीवर. मग त्याच बंद खोलीत मी स्कोप पुसायचे, एन्झाइमचं पाणी सक्शनने ओढायचे, लॅव्हाजच्या (फुप्फुसात पाणी सोडून परत ओढलेल्या नमुन्याच्या) बाटल्यांवर लेबलं लावायचे, सक्शनचा जार बदलायचे, पुढच्या केसची ट्रॉली मांडायचे. पंधरा-वीस मिनिटं सहज. दुपारी चार ब्रॉन्कोस्कोपी असल्या तर तास-सव्वा तास. आठवड्याला किती, वर्षाला किती, तुम्हीच बघा.

खोकणारा गेला म्हणजे धोका गेला, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. हे जरा सविस्तर सांगते, कारण आजही दहातले आठ जण हेच धरून चालतात. खोकल्यातले मोठे थेंब खाली बसतात. ५ मायक्रॉनच्या आतले कण बसत नाहीत, तासन्‌तास तरंगतात, आणि टीबीचा जंतू नेमका त्यांच्यावर स्वार होऊन फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोरला रायली आणि वेल्स यांनी टीबी वॉर्डमधली हवा नळातून गिनिपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. त्या प्राण्यांचा रुग्णांशी कसलाही संबंध आला नव्हता, तरी त्यांना टीबी झाला. नुसत्या हवेने.

आता खोलीतली हवा जाते किती वेळात? तासाला हवा किती वेळा बदलते, तो आकडा धरतात. १२ वेळा बदलते म्हणजे पाच मिनिटांत सगळी नवी, असं वाटतं. ते चूक आहे. नवी हवा जुनीत मिसळत मिसळत तिला ढकलते, त्यामुळे एका बदलात साधारण ६३ टक्केच कण जातात. ९९ टक्के जायला १२ बदलांच्या खोलीत २३ मिनिटं लागतात. ६ बदल असतील तर ४६. आणि २ असतील तर १३८ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त! स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच गार करून फिरवतो. थर्माकोल लावलेल्या आमच्या खोलीत दोन बदल होत असतील तरी पुष्कळ. म्हणजे तिसऱ्या केसला मी पहिल्याची, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची, अशी तिघांची हवा घेत होते, तीही मास्क हनुवटीला अडकवून.

त्यातून फाइलवर लिहिलेलं असायचं, 'थुंकी एएफबी निगेटिव्ह', म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत टीबीचा जंतू दिसला नाही. हे वाचून सगळ्यांचे खांदे सैल पडतात. अरे, थुंकीत सापडलं नाही म्हणून तर ब्रॉन्कोस्कोपी करतोय ना! त्याच लॅव्हाजचा सीबीनॅट (जंतूच्या जनुकांवरून टीबी ओळखणारी चाचणी) दोन दिवसांनी पॉझिटिव्ह येतो, आणि तेव्हा रूममध्ये कोण कोण होतं हे कुणाला आठवतही नाही. निगेटिव्ह फाइल म्हणजे 'अजून माहीत नाही', एवढंच.

सीनियरांबद्दल बोलले नाही तर राहवणार नाही. "आम्ही वीस वर्षं साध्या मास्कवर काढली, काही झालं नाही," असं म्हणणारी एक सिस्टर प्रत्येक युनिटमध्ये असते. ज्यांना झालं, त्या ते सांगायला तिथे उरलेल्या नसतात. बदली घेऊन गेलेल्या असतात. तिच्याकडून हात शिका, मास्क शिकू नका. मला खरं शिकवलं ते आमच्या बायोमेडिकलच्या (हॉस्पिटलची यंत्रं सांभाळणाऱ्या विभागाच्या) पोराने, ज्याला रूममध्ये कुणी खुर्चीसुद्धा देत नव्हतं.

त्याने अगरबत्ती आणली. ऑक्सिजन बंद करून, रूम रिकामी असताना, दार बोटभर उघडं ठेवून फटीशी धरली. धूर कॉरिडॉरमधून आत ओढला गेला पाहिजे. आमचा धूर आतून बाहेर, थेट बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांकडे जात होता. मग गणित: १४ गुणिले १२ गुणिले १० म्हणजे १,६८० घनफूट. तासाला १२ बदल हवेत तर मिनिटाला ३३६ घनफूट हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. खोक्यावरचा आकडा धरू नका. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र बायोमेडिकलकडे असतं, पंख्यासमोर धरून मोजा. पंखा बाहेर मोकळ्यावर फेकणारा हवा, कॉरिडॉरमध्ये किंवा शेजारच्या खिडकीखाली नको. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची हवेतून पसरणाऱ्या संसर्गाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१० सालापासून आहेत. धोक्याच्या जागी १२ बदल त्यातच लिहिलेत. अर्ज करताना त्याचा उल्लेख करा. मॅनेजमेंटला 'भीती वाटते' हे कळत नाही, परिपत्रक कळतं.

शनिवारच्या फ्युमिगेशनवर, म्हणजे खोलीत जंतुनाशकाचा धूर सोडण्यावर, मात्र माझा काडीचा विश्वास नाही. शनिवारी रात्री केलेलं सोमवारी खोकणाऱ्या पेशंटची हवा कशी साफ करणार? २०२० मध्ये पेशंटच्या डोक्यावर अ‍ॅक्रिलिकची पेटी ठेवायचं फॅड आलं, त्याचंही तेच. हवा ओढून घेण्याची सोय नसलेल्या पेट्या वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) त्याच वर्षी सांगितलं. आमची पेटी नंतर कापसाचे बोळे ठेवायला कामी आली.

मास्कचं थोडक्यात. एन-९५च्या आत सर्जिकल मास्क घालू नका, सील सुटतं; वर घातला तर चालतो. दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा, नाकाशी किंवा गालाशी वारा लागला तर तो मास्क तुमचा नाही. खरेदीत एकच साइज येते आणि लहान चेहऱ्याच्या मुलींना ती बसत नाही. भांडून दुसरी मागवा. साबणाने धुवायचा नाही, त्यातला विद्युतभार जातो आणि गाळण बिघडते. मुलांनो, दाढी की एन-९५, एकच निवडा. आणि हो, स्कोप निर्जंतुक करायच्या ग्लुटराल्डिहाइडची वाफ एन-९५ अडवत नाही. डोळे चुरचुरत असतील तर तो हवा खेळत नसल्याचा आणखी एक पुरावा समजा.

गॅस्ट्रोवाल्यांनी 'आमच्यात काय' म्हणून सुटू नये. घसा बधिर करायला झायलोकेनचा फवारा मारला की अर्धे पेशंट ठसकतात, उरलेले ट्यूब जाताना उमासे काढतात, आणि तुमचं तोंड तिथून हातभर अंतरावर असतं. बायोप्सी चॅनेलची रबरी टोपी सैल असेल तर तिथूनही हवेबरोबर शिंतोडे येतात. ती रोज बघा.

एवढं वाचून नोकरी सोडायचा विचार करू नका. जंतू शरीरात गेलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच पुढे आयुष्यात कधी आजार होतो. माझाही पूर्ण बरा झाला, आणि मी त्याच रूममध्ये परत आले. थर्माकोल काढलाय, पंखा बसलाय. संशयित टीबीची केस लिस्टमध्ये शेवटी घेतो. पेशंटला स्कोपआधी आणि नंतर साधा मास्क देतो, बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनाच आत घेतो. स्कोप बाहेर आला की दारावरचं घड्याळ २३ मिनिटांवर लावते, तोवर आत जो असेल त्याच्या तोंडावर एन-९५. सर चिडतात. लिस्ट लांबते, हे खरंच आहे. आमच्यात अजून रोज थोडं वाजतं.

जॉइन होताना छातीचा एक्स-रे नक्की काढून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. ऑफिसात दिलेली फिल्म गरजेला सापडत नाही. माझी अजून शोधतायत.