हॉर्नबोर्गा तलावावर क्रौंच बघायला जायचंय? मग हे आधी वाचा

स्वीडनमध्ये, त्यातही गोथेनबर्गच्या बाजूला राहत असाल आणि अजून हॉर्नबोर्गाला गेला नसाल तर येत्या एप्रिलमध्ये जाच. स्कारा आणि फालशोपिंग या दोन गावांच्या मधे हा उथळ, पाणथळ तलाव आहे आणि वसंतात इथे हजारो क्रौंच उतरतात. काही वर्षी तर एकाच संध्याकाळी वीस हजारांच्या वर मोजलेत. स्पेन, फ्रान्स, जर्मनीत हिवाळा काढून, बाल्टिक समुद्र ओलांडून ते इथे येतात, थोडे दिवस खाऊन ताकद भरून घेतात आणि मग पुढे उत्तरेला घरटी करायला निघून जातात.

वेळ फार महत्त्वाची. मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य, बस, एवढंच. मे महिन्यात गेलात तर तलाव सुंदर दिसेल, पण हे थवे पुढे गेलेले असतील. तारीख ठरवताना वाऱ्याचा अंदाज बघा, दक्षिणेकडून वारा आणि आकाश मोकळं असलं की नवे थवे भराभर येतात.

जायचं कसं, तर ट्रेनने फालशोपिंगपर्यंत, पुढे बस, टाइमटेबल वेस्टट्राफिकच्या अ‍ॅपवर मिळतं. गाडी असेल तर उत्तमच. उतरायचं त्रानदानसेनला, हे तलावाचं दक्षिण टोक, इथेच मुख्य गर्दी असते, पक्ष्यांची पण आणि माणसांची पण.

आता माझं अगदी मनापासूनचं सांगणं. बरेच जण दुपारी बारा वाजता येतात, अर्धा तास फोटो काढतात आणि निघतात. असं करू नका प्लीज. दुपारी क्रौंच शेतात दाणे टिपत असतात, तेही छानच दिसतं, पण खरी मजा संध्याकाळी. एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य आठच्या जरा आधी मावळतो, त्याच्या तासभर आधीपासून चारी बाजूंनी रांगा यायला लागतात आणि आवाज तर दिसण्याच्या आधीच येतो, कारण क्रौंचाची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते म्हणून तो आवाज एवढा लांब जातो. रात्री ते उथळ पाण्यात उभ्याने झोपतात, कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो म्हणून. शक्य असेल तर जवळच मुक्काम करा आणि सकाळी उजाडतानाही परत या.

दुर्बीण हवीच, आठ बाय बेचाळीसची पुरते. एकच जोडी पकडा आणि तिच्यावरच दहा मिनिटं नजर ठेवा, सगळीकडे फिरवत बसू नका. डोक्यावरचा लाल ठिपका दिसेल, तिथे पिसं नसतात, ती उघडी कातडी असते. ज्याचं डोकं तपकिरी आणि लाल ठिपका नाही ते गेल्या वर्षीचं पिल्लू, बहुतेक आईबापांच्या आसपासच असतं. मागे झुबकेदार शेपटी वाटते ती शेपटी नाहीच, पंखांची लांब पिसं आहेत. आणि नाच सुरू झाला की एक जण मान वाकवतो, चोचीने काडी उचलून वर फेकतो, पंख अर्धे उघडून उडी मारतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा.

हे सगळे इथेच का थांबतात, त्याचं कारण बटाटा! पूर्वी इथे दारू गाळायला बटाटा पिकवायचे आणि शेतात उरलेले बटाटे खायला क्रौंच थांबायला लागले. ती शेती संपली, पण आता मुद्दाम बार्ली टाकतात, म्हणजे ते आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पेरणीवर जात नाहीत, मला ही व्यवस्था फार आवडते. तलावाचंही तसंच. १८०२ ते १९३३ मध्ये जमीन मिळवायला पाच वेळा पाणी उतरवलं, जमीन काही धड मिळाली नाही, उलट सगळीकडे उंच पाणगवत माजलं, शेवटी मोठं काम काढून १९९५ पर्यंत पाणी परत वर आणलं.

चालायची हौस असेल तर पूर्व किनाऱ्यावर फोगेलउद्देनला जा. तिथे माहिती केंद्र आहे, ओल्या जमिनीवरून लाकडी फळ्यांची वाट आहे, लपून बघायच्या जागा आणि मनोरा आहे. फळ्या ओल्या असल्या की भयंकर घसरतात, ग्रिपवाले बूट घाला. हूपर हंस, टिटव्या, मार्श हॅरियर दिसतील, आभाळात पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड शोधा, तो आला की सगळी बदकं एकदम उठतात, तीच खूण.

भिगवणला बोटीतून फ्लेमिंगोंच्या जवळ जायची सवय असेल तर ती इथे विसरा. स्वीडनमध्ये कुठेही फिरायची मोकळीक असली तरी राखीव क्षेत्रात तिथले नियम चालतात, काही भाग पक्ष्यांच्या हंगामात पूर्ण बंद असतात, पाट्या वाचा, कुंपण ओलांडू नका, ड्रोन घरीच ठेवा, कुत्रा असेल तर पट्ट्यातच. एकाने पुढे जाऊन थवा उठवला की पक्ष्यांची ताकद वाया जाते आणि पुढचा प्रवास लांबचा असतो हो.

कपडे जानेवारीत घालता तेच घ्या, थर्मल, लोकरी टोपी, हातमोजे, कारण उघड्या माळावर वारा झोंबतो आणि तुम्ही चालत नसता, उभे असता. थर्मासभर चहा, पोरांसाठी पराठे, बसायला एखादी चटई. आणि बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस सकाळीच बघून ठेवा, अंधार पडेपर्यंत थांबायचंय म्हणून सांगतोय.