रक्तदाब थोडासाच वाढला असेल, तर या चुका टाळा

वरचा आकडा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ या पट्ट्यात वारंवार येत असेल, तर रक्तदाब सौम्य प्रमाणात वाढलेला आहे असे मानतात. या टप्प्यावरचा बराचसा गोंधळ मोजण्यातूनच सुरू होतो. दवाखान्याचा जिना चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, बोलता बोलता घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून व पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीत राहील असा हात टेबलावर ठेवून एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. जाड दंडाला लहान पट्टा लावल्यास आकडा उगाचच जास्त येतो. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर मात्र ती वाढ खरी समजावी.

भाजीतले मीठ कमी केले की पथ्य झाले, असे अनेकांना वाटते. पण पानाच्या डाव्या बाजूचे लोणचे, चटणी, पापड आणि संध्याकाळचे फरसाण तसेच चालू राहते. या सगळ्यासकट दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, असावे. सैंधवाचेही तेच, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे साधे मीठच, आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद करणे, कारण तो आकडा बहुधा गोळीमुळेच आलेला असतो. उलट, अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी फरक शोधणेही व्यर्थ आहे; तिचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. तिने घोट्यांवर सूज आली किंवा रामिप्रिल या रक्तदाबाच्याच दुसऱ्या गोळीने कोरडा खोकला लागला, तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्तदाब वाढवते, ही गोष्ट तपासणीच्या वेळी सांगायची हमखास राहून जाते.

आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.